पानायिसचा गेरासिमोस

गेरासिमोसनी बदामांचा डबा माझ्या टेबलावर आणून धरला, तेव्हा मी कागदावर आडवा हात ठेवून बसले होते. शाळेत शेजारच्या मुलीनं उत्तर बघू नये म्हणून ठेवतात, तसा.

"घ्या बाई," ते म्हणाले. "आज माझ्या नावाचा दिवस."

मला ठाऊक होतं. दर वर्षी वीस ऑक्टोबरला, त्यांच्या संताच्या दिवशी, हा निळा पत्र्याचा डबा ऑफिसात यायचा. आत त्यांच्या बेटावरचे बदाम, साखरेच्या लाल कवचातले. ज्याच्या नावाचा दिवस त्यानं सगळ्यांचं तोंड गोड करायचं, आणि बाकीच्यांनी बदाम तोंडात टाकून 'खूप वर्षं जगा' म्हणायचं, एवढाच तो सोहळा. एकोणीस वर्षं मी दोन-दोन उचलत आले होते. त्या दिवशी मी विचारलं, सगळा मजला संपावर असताना एवढे बदाम वाटणार कुणाला?

"संप माणसांचा आहे बाई. संताचा नाही."

"मी नंतर घेते. हाताला शाई लागलीय."

हाताला शाई नव्हती. गेरासिमोसनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग हाताखालच्या कागदाकडे न पाहण्याची काळजी घेतली, आणि डबा टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवून ते कॉफी करायला गेले. झाकण त्यांनी लावलं नाही.

संपाच्या दिवशी मी कामावर का गेले हे आधीच सांगून टाकते, नाहीतर वाचणारा काहीतरी थोर कारण शोधत बसेल. मी घाबरले होते. त्या वर्षी अथेन्समध्ये सगळेच घाबरलेले होते, पण बरेच जण त्यावर ओरडून तरी घेत. मी ओरडणाऱ्यांतली नाही, मी वेळेवर जाऊन बसणाऱ्यांतली. नवऱ्याचं चपलांचं दुकान जूनमध्ये बंद झालं होतं. तो सकाळी उठून दाढी करायचा आणि पुन्हा जाऊन बिछान्यावर बसायचा. घरात येणारा पगार एकच, माझा. त्यामुळे साहेबांचा फोन आला की 'उद्या या, दुसरं कुणी येणार नाही', तेव्हा मी आले. पांग्रातीतल्या घराहून चालत, तीन आठवड्यांच्या न उचललेल्या कचऱ्याच्या ढिगांना वळसे घालत, आणि ओळखीचं कुणी दिसलं की फुटपाथ बदलत.

रविवारी ब्रसेल्सला युरोपचे सगळे पंतप्रधान जमणार होते. आमचं कर्ज आणि त्यापायी हादरलेला सगळा युरोप, याचं काय करायचं ते ठरवायला. आमची माणसं तिथे हात पसरायला जाणार, आणि हात पसरणाऱ्याला पहिला प्रश्न काय विचारतात ते ठरलेलं असतं: तुम्ही स्वतः काय कमी केलंत? त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून एक जाड फाइल तयार होत होती. प्रत्येक कार्यालयानं तिच्यात आपापलं पान घालायचं. आमच्या वाट्याला एक पान आलं होतं आणि त्या पानावर चार नावं.

सप्टेंबरात आम्ही पहिली यादी पाठवली, तेव्हा हुशारी केली होती. चार जागा कमी करतो म्हणून कळवलं. त्यातली एक जागा चार वर्षांपूर्वी वारलेल्या टायपिस्टची होती, एक लिफ्टमनची, आणि लिफ्टमन मी तरी कधी पाहिला नव्हता. उरलेल्या दोन तर कधी भरल्याच गेल्या नव्हत्या. आम्हाला वाटलं, सुटलो. यादी आठ दिवसांत परत आली. कोपऱ्यात पेन्सिलीनं एकच ओळ होती: रिकाम्या खुर्च्या नकोत, बसलेली माणसं द्या.

तीन माणसं मिळाली. त्यांची पेन्शन हातातोंडाशी आली होती, ते आपणहून तयार झाले. एक तर खूश होता, त्याला गावी जाऊन मधमाश्या पाळायच्या होत्या. चौथं नाव मिळेना. आणि फाइल संध्याकाळी बांधली जाणार होती.

आमचे वेन्द्रिससाहेब सकाळी मला आत घेऊन बसले. माणूस वाईट नाही. मुलींच्या लग्नात आम्हाला सगळ्यांना बोलावणारा, डोळ्यांत पटकन पाणी येणारा. ते कोटाची बाही चोळत म्हणाले की अटी वरून आल्या आहेत, पदवी नसलेले आणि पन्नाशीच्या पुढचे. त्या अटीत आता आपल्याकडे दोनच जण बसतात.

"कोण दोन?" मी विचारलं. मला कळलं होतं, तरी विचारलं.

"गेरासिमोस राझातोस," ते म्हणाले, आणि पुढचं नाव त्यांनी घेतलं नाही. माझ्याकडे पाहत राहिले.

मग म्हणाले की दोन वाजेपर्यंत चौथी ओळ भरून द्या. कुणाचं नाव ते मला सांगू नका, मी पाकिटावर सही करतो, आत बघत नाही. म्हणजे सुरी माझ्या हातात दिली आणि स्वतः तोंड फिरवलं. मी मात्र 'हो साहेब' म्हणून बाहेर आले.

गेरासिमोस आमच्या मजल्याचे शिपाई. सव्वीस वर्षं. कुणाच्या कॉफीत साखर किती हे त्यांना तोंडपाठ होतं, आणि बदली होऊन गेलेला माणूस दहा वर्षांनी भेटायला आला तरी त्याची कॉफी न विचारता बरोबर यायची. कागद एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत नेणं आणि पोच घेऊन येणं, हे त्यांचं खरं काम. त्यांच्या हातून एक कागद गहाळ झाल्याचं मला आठवत नाही. टाय रोज बांधायचे. शिपायाला टाय लागत नाही असं कुणी चिडवलं, तर म्हणायचे, "मला नाही लागत. कागदाला लागतो."

बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलीचं काम गेलं, तेव्हापासून ती नातीला घेऊन त्यांच्याकडेच राहत होती. पूर्ण पेन्शनला त्यांचे चौदा महिने राहिले होते. यादीत नाव गेलं की वर्षभर कापलेला पगार, मग घरी बसणं, आणि पेन्शन मिळेल तेव्हा आणि मिळेल तेवढी. हे मला कुणी सांगावं लागत नव्हतं. त्यांचे सगळे कागद मीच ठेवत होते.

आमचं दुकान बंद झालं त्या आठवड्यात ते ऑलिव्हच्या तेलाचा पाच लिटरचा डबा माझ्या टेबलाखाली ठेवून गेले होते. विचारलं तर म्हणाले, यंदा गावाकडून जास्त आलंय, घरात जागा नाही. त्यांच्या घरी जागाच जागा होती.

आता राझातोस घराण्याचा घोळ सांगायला हवा. त्यांच्या बेटावर निम्मी माणसं संतावरून गेरासिमोस, आणि घरातल्या पहिल्या मुलाला आजोबांचं नाव ठेवायचं ही रीत. आजोबा गेरासिमोस राझातोस. त्यांना दोन मुलगे, पानायिस आणि स्पिरोस. दोघांच्याही थोरल्याचं नाव अर्थातच गेरासिमोस. आणि हे दोन्ही चुलतभाऊ आमच्याच कार्यालयात. पानायिसचा गेरासिमोस आमचा शिपाई, स्पिरोसचा गेरासिमोस तळघरात जुन्या फायली सांभाळायला. हा दुसरा एक्कावन्नचा, उशिरा लग्न झालेला, तीन मुलं, धाकटी अजून बालवाडीत. पन्नाशी ओलांडलेली होती, पण त्याच्याकडे पदवी होती, म्हणून तो अटीत बसत नव्हता. नावानं दोघांना वेगळं काढता येत नसे. एकदा तळघरातल्याचं अपेंडिक्स काढलं आणि आजारपणाची रजा आमच्या गेरासिमोसच्या खात्यातून गेली. त्यांनी तक्रार केली नाही, "घरातच गेली" म्हणाले. त्यानंतर मी नियम केला: राझातोसच्या कागदावर बापाचं नाव आणि नोकरीचा क्रमांक पाहिल्याशिवाय पेन टेकवायचा नाही.

नियम माझाच होता.

साडेअकराला मी कर्मचाऱ्यांचं मोठं रजिस्टर उघडलं. माझं स्वतःचं नाव लिहायचा विचार मनात आला नाही, असं नाही. आला. मी पेन उचललं आणि नवरा दिसला, गुळगुळीत दाढी करून बिछान्यावर बसलेला. मग मी 'र' चं पान काढलं. दोन राझातोस, एकाखाली एक. ओळ चुकू नये म्हणून मी नेहमी स्टीलची पट्टी खाली धरते, तशी धरली. बाहेर संपाचा मोर्चा जमला होता त्या सिंतग्मा चौकाकडून पहिला मोठा आवाज आला, खिडक्या हादरल्या, आणि मी दचकले. मग लिहिलं. क्रमांक, आडनाव, नाव, बापाचं नाव. भराभर, कडू औषध गिळतात तसं. एक प्रत फायलीसाठी, एक आमच्यासाठी. पाकिटात घालून डिंक लावला. साहेबांनी शब्द दिल्याप्रमाणे आत न बघता सही केली.

फाइल बांधली जात होती त्या पलीकडच्या इमारतीत जायचं म्हणजे चौक ओलांडायचा. कॉम्प्युटरवरून पाठवता आलं नसतं का, असं आता लोक विचारतात. नसतं. शिक्क्याची मूळ प्रत आणि आवक क्रमांक असल्याशिवाय आमच्याकडे कागद जन्मालाच येत नाही. गेरासिमोस टाय सारखा करून उभे होते. मी त्यांच्या हातात पाकीट दिलं आणि ऑफिसचा गोल शिक्काही दिला. काही खाडाखोड निघाली तर तिथेच दुरुस्त करून शिक्का मारा, या गोंधळात दोनदा येरझारा नकोत. मी हे त्यांच्या टायकडे बघून बोलले.

"चौकात गॅस सोडतायत," मी म्हणाले. "गल्लीनं जा."

"गल्लीनं पोलिस अडवतात, चौकातून पोरं. पोरं बरी, त्यांना वय कळतं." शर्टाची दोन बटणं काढून त्यांनी पाकीट आत सरकवलं. दारापर्यंत गेले आणि वळले. "कॉफी निवतेय बाई."

ते गेल्यावर मी खिडकीत उभी राहिले. चौकाच्या बाजूला पांढरा धूर वर येत होता, हेलिकॉप्टर एकाच जागी घोंघावत होतं. खाली दोन पोरी तोंडाला फडकी बांधून पळत गेल्या. मला दोन्ही भीती एकदम वाटत होत्या. ते पोचणार नाहीत ही, आणि पोचतील ही. त्यातली मोठी कोणती, ते मला विचारू नका.

थोड्या वेळानं काहीतरी करायचं म्हणून मी आमची प्रत फायलीला लावायला घेतली आणि चौथी ओळ वाचली.

राझातोस, गेरासिमोस, स्पिरोस यांचा.

पुन्हा वाचली. रजिस्टर उघडून क्रमांक पाहिला. क्रमांकही खालच्या ओळीतला, तळघरातल्याचा. नाव तेच, माणूस दुसरा. तो अटीत बसत नाही हे आपण सांगू, पण ऐकायला असेल कोण? फाइल संध्याकाळी बांधणार, रविवारी मोठ्या लोकांसमोर जाणार, आणि एकदा तिथे दाखवलेलं नाव परत घेण्याची हिंमत सोमवारी कोण करणार? तीन लेकरांचा बाप घरी संप पाळत बसला होता आणि मी त्याला यादीत घातलं होतं.

पट्टी सरकली होती. बाहेर आवाज झाला, मी दचकले, पट्टी सरकली. असंच झालं असेल. की मीच ती सरकवली? त्या तेलाच्या डब्यासाठी, एकोणीस वर्षांच्या कॉफीसाठी, ज्याचा चेहरा मला रोज बघावा लागत नाही असा राझातोस मी निवडला? आज इतक्या वर्षांनीही मला छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

टेबलावर फोन होता. पलीकडच्या आवक खिडकीचा नंबर मला पाठ. मी रिसीव्हर उचलला. दुरुस्ती सांगायची म्हणजे स्वतःच्या तोंडानं म्हणायचं: स्पिरोसचा नव्हे, पानायिसचा लिहा. आणि तिकडून कुणी विचारलं असतं की मग दुसरा पात्र माणूस कोण, तर? मी आकडे फिरवले, चार फिरवले, आणि रिसीव्हर ठेवला. पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती. मग वीस झाली. मी फोन केला नाही. हे माझ्या हातून झालं, हे निदान मला नीट माहीत आहे, त्यात पट्टीचा काही संबंध नाही.

पावणेदोनला जिन्यात पावलं वाजली. दारात गेरासिमोस उभे राहिले आणि मी ओरडायचीच बाकी होते. त्यांचा सगळा चेहरा पांढराफटक होता. मग कळलं. गॅसनं डोळे जळू नयेत म्हणून चौकातली पोरं ॲसिडिटीचं पांढरं औषध पाण्यात कालवून तोंडाला फासतात, ते कुणीतरी त्यांनाही फासलं होतं. त्यातून दोन लाल डोळे माझ्याकडे बघत होते. टाय जागेवर होता.

"पोच," ते म्हणाले आणि चिठ्ठी टेबलावर ठेवली. आवक क्रमांक, तारीख, वेळ. सगळं चोख.

मी पाणी दिलं. ते एका दमात प्यायले. मग तिथल्या खिडकीवरच्या बाईविषयी सांगू लागले. नेहमीचीच, ती जाड भिंगांची. ती पाकीट फोडून प्रत्येक नाव मोठ्यानं वाचते आणि आपल्या रजिस्टरशी ताडून घेते. मागे गॅसनं खोकणारे चार शिपाई रांगेत उभे, तरी वाचायचं सोडलं नाही तिनं. पहिलं, दुसरं, तिसरं.

"चौथं वाचलं," ते म्हणाले, आणि थांबले. खिशातून गोल शिक्का काढून त्यांनी माझ्या टेबलावर त्याच्या जागेवर ठेवला. "त्यात बापाचं नाव चुकलेलं होतं बाई."

मी फायलीवर आडवा हात ठेवला.

"मी तिला म्हटलं, हा तो नव्हे. तो तळघरात असतो. आमच्या मजल्यावरचा पानायिसचा. ती चष्म्यावरून बघायला लागली. म्हणाली, तुम्हाला कसं ठाऊक? म्हटलं, मीच तो."

ती बाई मग हळू आवाजात म्हणाली होती म्हणे, की बाबा, मी काही ऐकलं नाही आणि तुम्ही काही बोलला नाहीत, कागद आहे तसा जाऊ दे, घरी जा, आज तुमच्या नावाचा दिवस आहे. तीही त्याच बेटावरची निघाली. गेरासिमोसनी तिच्याकडून पेन मागून घेतलं. स्पिरोसवर रेघ मारली, क्रमांकावर मारली, वर बरोबर लिहिलं, शेजारी सही केली आणि त्यावर आमचा शिक्का मारला. मी दिलेला.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं. "पाकिटात काय आहे ते?"

"सकाळी तुम्ही बदाम घेतला नाहीत, तेव्हाच कळलं की माझं नाव आहे." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. "मी म्हटलं, ठीक आहे. बाईंच्या घरी एकच पगार. पण त्याची पोरं लहान आहेत हो. त्याला कसं घातलंत?"

मी रडायला लागले. पट्टी सरकली, मी म्हणाले, खरंच सरकली असेल, आणि मला नंतर कळलं होतं, एक वाजताच कळलं होतं, आणि मी फोन केला नाही. सगळं सांगून टाकलं. ऐकताना ते रुमालानं तोंडावरचा पांढरा लेप पुसत होते आणि खालून त्यांची नेहमीची सावळी, सुरकुतलेली कातडी दिसू लागली होती. घाबरलेला माणूस दुसऱ्या घाबरलेल्याला चटकन ओळखतो. त्यांची बोटं थरथरत होती. चौदा महिने त्यांच्याही डोळ्यांपुढे होते, मुलगी आणि नात होती. पेन उचलतानाही ती तशीच थरथरली असणार.

"झालं ते झालं," ते म्हणाले. "आपली प्रत कुठंय?"

"कुठली प्रत?" मी विचारलं.

"आपली प्रत. तिकडे पानायिस आणि इकडे स्पिरोस राहिलं, तर उद्या कुणीतरी इकडचं खरं धरेल. दोन्ही कागद जुळायला हवेत."

मी फाइल उघडली. पेन उचललं. चौथ्या ओळीवर डोळ्यांतलं पाणी पडू नये म्हणून मी मान बाजूला केली. गेरासिमोस टेबलाला वळसा घालून माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांच्या कोटाला धुराचा वास येत होता. त्यांनी बदामांचा डबा जरा बाजूला सारला, स्टीलची पट्टी उचलली, आपल्या नावाच्या ओळीखाली ठेवली आणि दोन्ही टोकांवर अंगठे दाबून धरले. नखांच्या कडांना अजून पांढरं लागलेलं होतं.

"लिहा," ते म्हणाले.

मी स्पिरोसवर रेघ मारली आणि वर पानायिस लिहिलं. पट्टी अजिबात हलली नाही.